आजोबा, हा मणी कुठे सापडला?

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या वस्तू बाहेर निघतात आणि त्यांच्याबरोबर जुन्या चुकाही. २०२४ च्या दिवाळीत माझ्या टेबलाच्या खालच्या खणातून एक काड्यापेटी निघाली. आत कापसात गुंडाळलेला एक मणी होता. तांबूस अकीकाचा, बोराच्या बीएवढा, आरपार भोक पाडलेला. तेव्हा तिसरीत असलेली माझी नात मदतीच्या नावाखाली पसारा वाढवीत शेजारी बसली होती. तिने मणी खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारले,

"आजोबा, हा कोणाचा?"

"फार जुन्या काळच्या माणसाचा."

"किती जुन्या?"

"दोन-अडीच हजार वर्षं तरी झाली असतील."

"मग हा सापडला कुठे?"

इथे मी अडकलो. बँकेच्या ग्रामीण शाखेत असताना काही वर्षे शेतीकर्जांचे काम माझ्याकडे होते. मोटारसायकलवरून काटोल रस्त्याच्या दोन्ही बाजूंची गावे मी पालथी घातली. कर्जातली विहीर खरोखरच खणली की नाही, दाखवलेली बैलजोडी स्वतःची की शेजाऱ्याची, हे पाहायला वावरावावरांतून हिंडायचे. अशाच एका वावरात पहिल्या पावसाने माती धुऊन निघाली होती आणि ढेकळाच्या कडेला हा मणी चमकत होता. मी तो उचलला आणि खिशात टाकला. ते वावर माहूरझरीच्या अलीकडे होते की पलीकडे? साल १९८९ की १९९१? आजूबाजूला खापरे होती का, दगडांचे वर्तुळ होते का? आज मला यातले काहीही आठवत नाही.

बँकेत ज्या रकमेचा धनी किंवा कारण कळत नाही, ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात टाकतात. नोटा खऱ्या असतात, पण व्हाउचर नसल्यामुळे त्या कोणाच्याच नावावर लागत नाहीत. तपासनीस आला की पहिला हात त्याच खात्याला घालतो. माझा मणी गेली तीस-पस्तीस वर्षे अशाच सस्पेन्स खात्यात पडून आहे. ज्या मातीत तो होता, ज्या खापरांच्या शेजारी होता, ती त्याची व्हाउचरे. ती मी वावरातच सोडून आलो आणि वस्तू तेवढी घरी आणली. पुरातत्त्वशास्त्राचा पहिला धडा मी असा उलटा गिरवला होता. आठ वर्षांच्या पोरीने एका प्रश्नात तो सुलटा केला.

एका निवृत्त माणसाच्या खणातली गोष्ट म्हणून हे विसरूनही गेलो असतो. पण २०२५ च्या मार्च महिन्याने ते विसरू दिले नाही. वाचकांना आठवत असेल, फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला. बुऱ्हाणपूर, मोगल, खजिना हे शब्द घरोघर झाले. आणि मग बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या परिसरात माणसे रात्रीची शेते खणू लागली. हातात टॉर्च, फावडी, मेटल डिटेक्टर. सोन्याची नाणी सापडतात अशी आवई उठली होती. अंधारात लुकलुकणाऱ्या त्या दिव्यांची चित्रे साऱ्या देशाने पाहिली. त्याच महिन्यात औरंगजेबाच्या कबरीवरून पेटलेल्या वादात आमच्या नागपुरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, काही वस्त्यांत संचारबंदी लागली. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहावरून जिवंत माणसांची डोकी फुटली.

या दोन बातम्या वरवर वेगळ्या आहेत. मला मात्र दोन्हींत एकच उणीव दिसली. भूतकाळ म्हणजे एक तर लुटायचा खजिना, नाही तर फेकायचा दगड. यापलीकडे त्याचे काही करता येते, तो शांतपणे वाचता येतो, हे या माणसांना कोणी कधी शिकवलेच नव्हते. आणि ते शिकवायचे वय चाळिशी नव्हे. आठव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत जे डोळ्यांना वळण लागते ते पुढे टिकते. म्हणून प्राथमिक शाळेतल्या मुलांना पुरातत्त्वाची ओळख करून देणे ही मला हौसेची किंवा छंदवर्गाची बाब वाटत नाही. ती नागरिकशास्त्राची बाब आहे.

आपल्या शाळांत या विषयाचे नावच नाही असे मी म्हणणार नाही. २०१५ साली आलेल्या पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात दगडाची हत्यारे आली, शेतीची सुरुवात आली, गाव-वसाहती आल्या. पुस्तक मुलांना समजेल असे होते. पण मुलाच्या मनात हे सगळे कुठल्या तरी दूरच्या देशात घडते. आपल्या घरापासून बसने अर्ध्या तासावर तीन हजार वर्षांपूर्वीची माणसे झोपली आहेत, हे नागपूरच्या किती मुलांना ठाऊक असते? त्यांचे जाऊ द्या, किती पालकांना असते?

मणी सापडल्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी मी नातीला घेऊन जुनापाण्याला गेलो. काटोल रस्त्याने शहरापासून दहा-बारा किलोमीटर. झुडपी रानात काळे गोटे गोल मांडून ठेवलेले, मधे मुरूम-दगडांची भर. अशी सुमारे तीनशे शिळावर्तुळे या एका जागी मोजली गेली आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने, जो मध्य प्रांतात कापसाचा कमिशनर होता, इथल्या वर्तुळांविषयी १८७९ साली लिहिले. १९६१ साली बी. के. थापर यांनी पुरातत्त्व खात्यातर्फे इथे उत्खनन केले. लोखंड वापरणाऱ्या लोकांची ही दफने आहेत. काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे ओळीने कोरलेले आहेत. ते कशासाठी, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही.

जवळच एक गुराखी बसला होता. आमच्याकडे बराच वेळ पाहून तो म्हणाला, "एवढ्या दुरून गोटे पाहाले आले का साहेब? हे तं आमच्या आज्याच्या आज्यापासून हायेत." मी म्हटले, "त्याच्याही फार आधीपासून हायेत बापा." तो हसला. मग त्यानेच नातीला खळगे असलेला एक दगड दाखवला, जो मला एकट्याला सापडला नसता.

नातीने वर्तुळ मधून आरपार चालत मोजले. तिची पंचवीस पावले भरली, माझी अठरा. "मग खरं किती?" हा तिचा पुढचा प्रश्न. शाळेत मीटर आणि सेंटिमीटर तिने पाठ केले होते, पण मापाची गरज का पडते हे तिला त्या रानात कळले. परत निघताना मला गवतात एक खापरी दिसली आणि सवयीने मी वाकलो. "आजोबा, नका ना उचलू. ती तिथली आहे." मी तसाच उभा राहिलो. त्या दिवशी कोण कोणाला शिकवायला आले होते, कोण जाणे!

नागपूरकरांना या विषयाचे वावडे असण्याचे काही कारण नाही. हिस्लॉप कॉलेजवरून रोज हजारो लोक जातात. ज्यांच्या नावाचे हे कॉलेज, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि हाडाचे भूगर्भशास्त्रज्ञही. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्याच साली आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, सुरू झाले. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी इथे बसून वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचले. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन इतिहास विभागात शां. भा. देव आले आणि उत्खननांचा धडाकाच सुरू झाला. १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, १९६९-७० मध्ये जगत्पती जोशी यांच्यासह पवनी, त्यानंतर माहूरझरी. माहूरझरीला माणसांबरोबर घोडे पुरलेले आढळले. त्या घोड्यांच्या तोंडावर चढवायचा तांब्याचा साजही होता. १९७८ ते ८० या काळात नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. घोडा, साज, लोहाराची भट्टी, मण्यांच्या माळा. लहान मुलाला याहून अधिक काय हवे? पण ही सारी माहिती इंग्रजी अहवालांत राहिली. कपाटातून ती वर्गात आलीच नाही.

उलट या शास्त्राच्या इतिहासात मुलांनी वेळोवेळी मोठ्यांवर मात केली आहे. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला, जो भाग तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता, गुरे राखणाऱ्या पोरांना जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा दिसला. तिथून तांब्याची ४२४ हत्यारे आणि चांदीचे १०२ पत्रे निघाले. नुसते तांबे पावणेचारशे किलो भरले. त्यातल्या काही वस्तू अजब बंगल्यात आल्या, काही थेट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. रिव्हेट-कार्नाकने जुनापाण्यावर लिहिले त्याच १८७९ सालात स्पेनमध्ये एक गृहस्थ अल्तामिराच्या गुहेत जमीन उकरीत होते. त्यांची आठ वर्षांची मुलगी मारिया कंटाळून वर पाहू लागली आणि तिला छतावर रंगवलेले बैल दिसले. विद्वानांनी वीस वर्षांहून अधिक काळ ती चित्रे खोटी ठरवली आणि १९०२ मध्ये जाहीरपणे चूक कबूल केली. तोवर मारियाचे वडील वारले होते. मोठी माणसे जे शोधायला गेली असतात तेच पाहतात. मुलांना काय शोधायचे ते ठाऊक नसते, म्हणून जे आहे ते दिसते.

पण दिसलेल्या वस्तूचे करायचे काय, हे शिकवावे लागते. ते शिकवायला महागडे साहित्य लागत नाही. घरातली वर्तमानपत्रांची रद्दी घ्या. सर्वांत खालचा अंक जुना, वरचा नवा. मधूनच आईने डबा गुंडाळायला एक अंक ओढला की तिथे तारखांची फट पडते. थर म्हणजे काय आणि थर विस्कटणे म्हणजे काय, हे पाच मिनिटांत समजते. शेजारच्या वर्गाची कोरडी कचऱ्याची टोपली आणा. पेन्सिलीचा भुसा, चॉकलेटचे कागद, फाटलेले गणिताचे पान. यावरून त्या वर्गात काय चालले होते ते मुलांना सांगू द्या. वहीवर मधोमध रेघ मारून दोन रकाने करायचे, एकात 'दिसते' आणि दुसऱ्यात 'वाटते'. चॉकलेटचे सहा कागद दिसतात. कोणाचा तरी वाढदिवस होता असे वाटते. आम्ही बँकेत जमा आणि नावे यांची सरमिसळ होऊ देत नसू. या दोन रकान्यांचीही तशीच होऊ द्यायची नाही. ही एक सवय लागली तरी पुढे मोबाइलवर येणारा अर्धा इतिहास मूल आपोआप बाजूला टाकील.

उन्हाळ्यात फुटलेला माठ फेकू नका. त्याची खापरे मुलांना जुळवायला द्या आणि एक खापर मुद्दाम लपवून ठेवा. अर्धवट वस्तूवरून पूर्ण वस्तूची कल्पना कशी करायची, आणि राहिलेली जागा रिकामी आहे हे कसे मान्य करायचे, हे त्यातून कळते. खेड्यातल्या मुलांजवळ तर अर्धा विषय भाषेतच आहे. काळी म्हणजे कसायची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची, हे आपल्या शेतकऱ्याने कुठल्याही पुस्तकाआधी ओळखले होते. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एका जागी राहिली, त्यांची राख, शेण, भिंतींची माती साचत गेली आणि जमिनीचा रंग बदलला. पुरातत्त्व खात्याची माणसे गावात आली की आधी पांढरीचे टेकाड कुठे आहे ते विचारतात.

आणि एक नियम पाढ्यासारखा पाठ करून घ्यावा. पाहा, मोजा, चित्र काढा, सांगा, उचलू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे लागते. दहा रुपयांत आज धड चहा मिळत नाही, पण कायदा तोच आहे. माझ्या खिशातला मणी या कायद्याकडे पाहून गप्प बसतो.

अलीकडे सुट्टीतल्या शिबिरांत वाळूत वस्तू पुरून मुलांना 'उत्खनन' करायला लावतात. खेळ म्हणून त्यात वाईट काही नाही. पण ज्याला जे सापडेल ते त्याचे बक्षीस, असे ठरवले की आपण असीरगडाची बालवाडी उघडतो. खणणे ही या शास्त्राची शेवटची पायरी आहे. एकदा खणले की ती जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून मुलांना खणण्याआधी थांबायला शिकवायचे.

शिक्षक मित्रांशी बोललो की दोन शंका येतात. पहिली वेळेची. आधीच कामांचा ढीग, त्यात हे आणखी कुठे? पण वेळ कागदावर तरी मिळाला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. वर्षातला एक शनिवार अजब बंगल्याला आणि एक जुनापाण्याला दिला तर कोणाचा अभ्यासक्रम बुडणार आहे? विद्यापीठातल्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी सोबत यावे, म्हणजे शिक्षकांवर एकट्यावर भार पडणार नाही. इंग्लंडमध्ये आठ ते सोळा वर्षांच्या मुलांचे पुरातत्त्व मंडळ १९७२ पासून चालू आहे. आपल्याकडे शिळावर्तुळे त्यांच्याहून जवळ आहेत, मंडळ तेवढे नाही. सुरुवात मात्र शहरातल्या मोठ्या शाळांपासून नको, या जागांच्या शेजारच्या जिल्हा परिषद शाळांपासून व्हावी. शहर चारी दिशांनी पसरते आहे. ले-आउट पडतात, मुरूम उपसला जातो आणि गोटे ट्रॅक्टरमध्ये भरून पायव्यात जातात. सरकारी फलक एका जागी उभा असतो. गावातले पोर मात्र रोज तिथून जाते. आपल्या गावचे गोटे काय आहेत ते त्याला कळले तर त्याच्यासारखा राखणदार नाही.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. जुन्या वस्तू दाखवल्या की कोणाच्या धर्माच्या, कोणाच्या जातीच्या, असा वाद वर्गात शिरेल. मला वाटते, होईल ते उलटेच. पवनीचे उदाहरण घ्या. तिथल्या एका टेकडीला लोक जगन्नाथाची म्हणतात, दुसरीला सुलेमानची. दोन्हींच्या पोटातून निघाले ते दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध स्तूप. रामटेकजवळच्या मनसरचा संबंध नागार्जुनाच्या परंपरेशी सांगतात आणि वाकाटकांच्या शैव देवालयाशीही. १९७२ साली तिथे मिळालेली शिवाची देखणी मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या पायाखाली एकावर एक इतकी माणसे राहून गेली, हे ज्या मुलाने डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढे एकाच थराचा इतिहास विकणे कठीण जाईल.

राहिली भीती मोडतोडीची. मुले म्हणजे धक्का लागणार, वस्तू फुटणार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या हेक्ट संग्रहालयात चार वर्षांच्या एका मुलाने आत काय आहे ते पाहायच्या नादात किमान साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा रांजण पाडला. रांजणाचे तुकडे झाले. संग्रहालयाने दंड केला नाही. त्या कुटुंबाला पुन्हा बोलावले, तज्ज्ञांनी तुकडे जुळवले आणि वस्तू काचेबाहेर ठेवण्याची पद्धतही सोडली नाही. 'हात लावू नये' या पाट्यांच्या राज्यात वाढलेल्या माझ्या पिढीला हे वाचून आधी धक्का बसला, मग हेवा वाटला. मुलाचे कुतूहल फुटले तर ते कोणाला जुळवता येत नाही, हे त्या लोकांनी ओळखले होते.

माझ्या मण्याचे काय झाले, ते सांगून थांबतो. जुनापाण्याहून परतल्यावर नातीने काड्यापेटी पुन्हा बाहेर काढली आणि वहीच्या पानाची एक चिठ्ठी लिहून तिच्यात घातली. अक्षर वाकडेतिकडे आहे, पण नोंद चोख आहे. 'वस्तू: मणी. रंग: लाल. कुठे सापडला: माहीत नाही. कोणी उचलला: आजोबांनी.' ही काड्यापेटी चिठ्ठीसकट अजब बंगल्यात नेऊन द्यायची असे आमचे ठरले आहे. तिथले अधिकारी या मण्याचे काय करतील ते करोत, शास्त्राला त्याचा फारसा उपयोग नाही हे मला समजते. चिठ्ठीत एक शब्द बदलावा, 'आजोबांनी' ऐवजी 'एका व्यक्तीने' लिहावे, अशी विनंती मी करून पाहिली. ती म्हणाली, "नाही. जे माहीत आहे ते खरं लिहायचं."